तहानेच्या आधी

“पाणी किती प्यायल्या होत्या या?”

सिस्टरने विचारलं तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं. मघापासून जो येत होता तो भलतंसलतंच विचारत होता. आधी कधी फिट आली होती का, डोक्याला मार लागला का, कुठली गोळी चालू आहे का. हा एकच प्रश्न असा होता, की झोपेतून उठवून विचारलं तरी त्याला उत्तर देता आलं असतं.

“पाण्याचं तुम्ही बघूच नका, सिस्टर. शर्यतीत पोहून बाहेर आल्यापासून पाण्याचं एक टेबल सोडलं नाही तिने. सायकलच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या करून पुन्हा भरून घेतल्या. पळताना तर दर टेबलाला पेला. तहान लागायच्या आधीच प्यायचं, हा आपला नियमच आहे. अहो, शेवटच्या रेषेपाशी माझ्यासमोर कोसळली ना, तेव्हासुद्धा मी अर्धी बाटली…”

सिस्टरचा हात सलाईनच्या नळीवर थांबला. “एवढं प्यायला कोणी सांगितलं होतं यांना?”

“मीच. तिचं सगळं ट्रेनिंग मीच घेतो.”

सिस्टर वयाने त्याच्या लेकीएवढी असेल. तिने एकदा त्याच्याकडे, त्याच्या अंगातल्या ओल्या बनियनकडे, दंडावर काळ्या शाईने लिहिलेल्या शर्यतीच्या नंबराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“काका, पाणी कमी नाही पडलं. जास्त झालंय. रक्तातलं मीठ पार उतरलंय त्यांच्या. त्यामुळे मेंदूला थोडी सूज आलीये, म्हणून असं असंबद्ध बोलतायत. आता थेंबभरही पाणी द्यायचं नाही. ओठ सुकले तर कापूस ओला करून फिरवा, बस.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त त्याच्या बायकोचा डावा हात उचलून उजेडात धरला. बोटं फुगून आली होती आणि अंगठी मांसात रुतून बसली होती. “ही कापावी लागेल,” ती म्हणाली, आणि एक चिमुकली चक्री घेऊन हळूहळू फिरवायला लागली. ते काम त्याच्या ओळखीचं होतं. चक्री कशी धरायची, जोर कुठे द्यायचा, हे तो तिला सांगू शकला असता. पण आज तो कुणाला काही सांगायच्या अवस्थेत नव्हता.

“माझी कात्री कुणी घेतली?” बायको डोळे मिटूनच पुटपुटली. “दादा, माझी कात्री द्या ना.”

दादा तो नव्हता. तो तिचा नवरा होता.

कापलेली अंगठी सिस्टरने कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. ती खिशात टाकून तो बेसिनपाशी गेला आणि दंडावरचा नंबर साबणाने खसाखसा घासू लागला. कातडी लाल झाली, नंबर जिथल्या तिथे. शर्यतीची शाई ती. पाण्याने जाणारी असती तर पोहणाऱ्यांच्या अंगावर लिहिली कशाला असती?

तो चष्म्याच्या दुकानात काचा कापायचा. आलेली गोल काच यंत्रावर धरून फ्रेमच्या आकाराची करायची, कडा घासायच्या, बसवायची. आयुष्य त्या मागच्या खोलीत गेलं होतं. समोर काउंटरला मालक, आणि पडद्यामागे तो. पोट सुटलं, गुडघे बोलायला लागले, तेव्हा डॉक्टरने चालायला सांगितलं. चालता चालता तो पळायला लागला, पळता पळता जुनी सायकल बाहेर निघाली, आणि एक दिवस कुठल्याशा व्हिडिओत त्याने पाहिलं, की पोहायचं, लगेच सायकल हाणायची आणि लगेच पळायचं, मध्ये टेकायचं नाही, अशी एक शर्यत असते. झालं. माणसाला वेड लागायला निमित्त पुरतं.

शिकवायला कोणी नव्हतं. पोहणं तो तलावाच्या उथळ कडेला, लहान मुलांच्या रांगेत उभा राहून शिकला. बाकीचं व्हिडिओ बघून आणि स्वतःच्या अंगावर करून बघून. पहिल्या शर्यतीत पाण्याविना त्याची अशी काही वाट लागली, की रस्त्याच्या कडेला एका अनोळखी बाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. त्याचं अंग मोठं, घामही तसाच. पळून आला की बनियनच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. त्या दिवसापासून त्याने नियम केला, तहानेच्या आधी प्यायचं. आणि तो नियम त्याला लागूही पडला. मग काय, मालकाने नाव ठेवलं ‘कोच’.

“काय कोच, घरी कुकरच्या शिट्ट्यासुद्धा घड्याळ लावून होतात की काय?” मालक गिऱ्हाइकांदेखत विचारायचा. तो पडद्याआडून हसायचा. नाव त्याला आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला काहीतरी म्हटलं होतं.

बायको रफूचं काम करायची. जळका कोट असो, उंदराने कुरतडलेला शालू असो, तिच्या हातून गेला की भोक कुठे होतं ते मालकिणीलाही सापडायचं नाही. स्वभावही तसाच, दिसू न देण्याचा. सकाळी उठून दिव्यापुढे हात जोडून देवाचं नाव घेतल्याशिवाय ती तोंडात पाणी घालायची नाही. लेक लग्न होऊन गेली, घर रिकामं झालं, तेव्हा एके दिवशी तीच म्हणाली, “अहो, मला शिकवाल का पोहायला?”

“तुला? या वयात?”

“तुम्ही काय पाळण्यात शिकलात?”

शिकली. आणि अशी शिकली, की तलावावरचा माणूस म्हणाला, “वहिनींचं पोहणं बघत बसावं. तुम्ही पाण्याला मारता, त्या पाण्याला विचारून जातात.” त्याला ते तितकंसं रुचलं नव्हतं. एकदा त्याने विचारलं, “हात मोजतेस ना?”

“नाही. दर श्वासाला नाव घेते.”

“नावाने वेग कळतो का?” तो हसला होता. “मोजत जा.”

ती मोजायला लागली. त्याने जे सांगितलं ते तिने केलं. तो त्याला ट्रेनिंग म्हणायचा, ती नेम म्हणायची. नेम घेतला की मोडायचा नाही, मग ताप असो की पाहुणे. आणि नेमांच्या यादीत त्याने सगळ्यात वर ठेवलेला नेम होता पाण्याचा. उन्हाळ्यात दिवसभर शिवणयंत्रावर बसून जिच्या कपाळावर घामाचा थेंब दिसायचा नाही, त्या बाईला त्याने स्वतःच्या घामाच्या हिशेबाने पाणी प्यायला लावलं.

शर्यतीचा दिवस ढगाळ होता. वारा गार. पळायचा रस्ता तळ्याकाठाने जाऊन परत यायचा, त्यामुळे जाणारे येणारे एकमेकांना दिसत. तो बराच पुढे होता. परतताना ती समोरून आली, पळत नव्हती, चालत होती. त्याला पाहून थांबली.

“अहो, पोटात डुचमळतंय. मळमळतंय फार. आणि हे बघा ना,” तिने हात पुढे केला, “अंगठी घट्ट झालीये.”

“पाणी कमी पडतंय,” तो जागच्या जागी उड्या मारत म्हणाला. पाय थंड पडू द्यायचे नव्हते. “शेवटच्या टेबलाला घेतलंस?”

“नको वाटत होतं…”

“बघ! सांगितलं काय होतं तुला?”

“चुकलंच,” ती म्हणाली. तो तिला पाठच्या टेबलापर्यंत घेऊन गेला. तिने डोळे मिटून दोन पेले घशाखाली उतरवले. औषध घेताना लहान मूल करतं तसा चेहरा झाला होता. तो समोर उभा राहून, पेला रिकामा झाला याची खात्री करून मग पळाला. त्या थांबण्यात वेळ गेला म्हणून वाटेत थोडा चिडलाही.

हेच त्याला आता राहून राहून आठवत होतं. ती काय म्हणाली ते नव्हे. आपण उड्या मारत होतो, ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडून त्याला नीट ओळखलं. तोवर तिची थोरली बहीण आली होती. ताई म्हणजे बोलण्यात वादळ. आल्या आल्या तिने वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांची चौकशी केली, खिडकी उघडली, उशी बदलून घेतली आणि मग त्याच्याकडे वळली.

“तुमचे पाय धरायला हवेत मला,” ती म्हणाली. “तुम्ही होतात म्हणून वाचली. दुसरा कुणी असता तर बसला असता हवा घालत. तुम्ही बरोब्बर उचलून आणलीत. देवच उभा राहिला तुमच्या रूपाने.”

“तसं काही नाही, ताई.”

“राहू द्या, राहू द्या. विनय पुरे.” मग बहिणीकडे वळून, “आणि तुला गं काय सुचलं हे? झेपत नाही तर करावं कशाला माणसाने? ते मुरलेले गडी. तू सुई दोऱ्याची बाई.”

बायको उशीवर डोकं टेकून भिंतीकडे बघत होती. “खरंय गं ताई,” ती म्हणाली. “माझंच शरीर नाजूक. शेवटी शेवटी मी पाण्यातही कुचराई केली. यांनी सांगून सांगून… मीच कमी पडले.” आणि त्याच्याकडे न पाहता, “लोक काय म्हणतील हो तुम्हाला? कोचची बायकोच आडवी झाली.”

हीच वेळ होती. त्याने तोंड उघडलंही. पण ताई त्याच्याकडे कौतुकाने बघत होती, आणि त्या कौतुकाला त्याची जीभ चिकटून बसली.

“तू आराम कर आता,” तो म्हणाला. “बोलू नकोस फार.”

कापूस ओला करून तो तिच्या ओठांवरून फिरवत राहिला. तिने हळूच विचारलं, “पाणी का देत नाहीत हो?” तो म्हणाला, “डॉक्टर सांगतील.” डॉक्टर सकाळीच येऊन त्याला दुसऱ्यांदा सगळं सांगून गेले होते. ती तेव्हा गुंगीत होती.

तिला घरी आणलं आणि चार दिवसांनी तो कामावर गेला. मालकाने काउंटरमागून उठून त्याला मिठी मारली. मालक कधी कुणासाठी उठत नसे.

“अहो, ऐकलंत का,” समोरच्या म्हाताऱ्या बाईंना तो म्हणाला, “यांनी बायकोला मरणाच्या दारातून ओढून आणलं. कोच आहे आमचा कोच!”

म्हाताऱ्या बाईंना कोचशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी पर्समधून एक चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हा जरा बघा. हे लावलं की डोकं चढतं, उलटीसारखं होतं. काच बिघडली असेल.”

त्याने चष्मा उजेडात धरला. फ्रेम पुरुषी, दांड्या लांब. “हा तुमचा आहे?”

“यांचा आहे. आमच्या घरात एवढा एकच चांगला चष्मा. यांना लख्ख दिसतं, म्हणाले तूही हाच लाव.”

“अहो आजी, काच बिघडलेली नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा कसा चालेल? त्यांचे डोळे वेगळे, तुमचे…”

आजी वाट बघत होत्या. मालक वाट बघत होता. त्याने चष्मा कापडाने पुसला, एकदा पुसलेला पुन्हा पुसला, आणि पडद्याआड जाऊन स्टुलावर बसला. शर्टाची बाही वर सरकली होती. नंबर फिका झाला होता, पण वाचता येत होता.

“काय झालं हो?” मालक पडदा सारून आत डोकावला.

“मी नाही वाचवलं तिला,” तो म्हणाला. “मीच पाजलं पाणी. नको म्हणत होती तरी. त्यानेच झालं सगळं.”

मालक आत आला. मग त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, “दमलायत तुम्ही. जा घरी आज.” मालकाला ते खरं वाटलं नव्हतं. माणसाने मोठ्या मनाने स्वतःवर ओढून घेतलं, असंच त्याला वाटलं असावं. आपली चूक कबूल केली तरी कुणी ती मानत नाही, हे त्याला नवीनच होतं.

घरी बायको जमिनीवर बसली होती. समोर तिचे पळायचे बूट, पोहायचा पोशाख, टोपी, चष्मा. एकेक वस्तू घडी घालून ती पिशवीत ठेवत होती.

“हे काय?”

“ताईच्या सुनेला देते. तिच्या अंगाला येईल पोशाख, जरा आत घ्यावा लागेल.” ती हसली. “तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. हौस होती, झाली. आपल्या कुडीला झेपेल तेवढंच करावं माणसाने.”

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे कडकड वाजले. खिशातून कागदाची पुडी काढून त्याने मध्ये ठेवली आणि उलगडली. कापलेली अंगठी.

“ही का कापली, माहीत आहे तुला?”

“बोटं सुजली म्हणून.”

“बोटं का सुजली?”

त्याने सांगायला सुरुवात केली. कसं सांगायचं ते ठरवलं नव्हतं, त्यामुळे उलटसुलट सांगितलं. आधी सिस्टर, मग तळ्याकाठचं टेबल, मग त्याची पहिली शर्यत आणि ती अनोळखी बाई, मग पुन्हा टेबल. “तुझं शरीर नाजूक नाही. तुझं शरीर सांगत होतं, नको म्हणून. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. तू पाण्यात कुचराई केली नाहीस गं. केली असतीस तर धडधाकट घरी आली असतीस.”

तिने पोशाखाची घडी मोडली, पुन्हा घातली.

“मला फार मळमळत होतं,” ती सावकाश म्हणाली. “सायकलवरच. एकदा वाटलं, ओतून द्यावं पाणी झाडाशी. कुणाला कळणार होतं? मग म्हटलं, नेम घेतलाय. नेमात फसवाफसवी नको.”

तो मान खाली घालून बसला.

“सिस्टरने कधी सांगितलं तुम्हाला हे?”

त्याला हाच प्रश्न नको होता. “त्याच दिवशी. तुला आत नेलं तेव्हाच.”

“म्हणजे ताई आली, त्याच्या आधी.”

“हो.”

ती पोशाखाच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. उठून बंद करायचंही त्याला धैर्य झालं नाही.

“पाण्याचं माझ्या मनात काही नाही,” शेवटी ती म्हणाली. “तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? चांगल्यासाठीच सांगत होतात. पण अहो, मी तिथे ताईसमोर, त्या सगळ्या बायकांसमोर, मान खाली घालून पडले होते. आणि तुम्ही माझ्या ओठांना कापूस लावत होतात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मला रोज वाटायचं, देवाने दिलेलं शरीर मी नीट सांभाळलं नाही. रोज सकाळी दिव्यापुढे त्याची माफी मागत होते मी.” तिचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. “माफी तुम्ही मागायची होतीत, ती मी मागत होते.”

त्याने फोन उचलला आणि ताईला लावला. बायकोने अडवलं नाही. ती समोर बसून ऐकत होती, आणि ती ऐकतेय हे त्याला माहीत होतं, म्हणून शब्द न चोरता त्याने सगळं सांगितलं.

“ऐकताय ना, ताई?”

“ऐकतेय.” मग थोड्या वेळाने, “तिला द्या फोन.”

त्याने फोन दिला आणि नळ बंद करायला गेला. दोघी बहिणी काय बोलल्या ते त्याने ऐकलं नाही. परत आला तेव्हा पिशवी दाराजवळ होती, तशीच भरलेली. अंगठी आणि पुडी जागेवर नव्हती. कुठे ठेवली ते त्याने विचारलं नाही.

पिशवी बरेच दिवस दाराजवळ होती. ताई दोनदा येऊन गेली, पण तिनेही ती नेली नाही. घरात बोलणं होत होतं, भाजी काय, बिल भरलं का, एवढंच. दंडावरचा नंबर कधी गेला ते त्याला कळलं नाही. तोही आता पळायला जात नव्हता. दुकानात कोणी कोच म्हटलं की तो म्हणायचा, “नाव घेऊन हाक मारा हो.” मालकाला नाव आठवायला थोडा वेळ लागायचा.

एका सकाळी दिव्यापुढून उठून ती पिशवी घेऊन निघाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्याचं त्याला ताईकडून कळलं होतं. “मी येऊ?” त्याने विचारलं.

“या की. तलाव काय माझा आहे?”

तलावाच्या काठावरच्या बाकावर तो तिचा टॉवेल मांडीवर घेऊन बसला. शेजारी पाण्याची बाटली. तिने टोपी घातली, चष्मा लावला, शिडीने पाण्यात उतरली आणि उजवीकडच्या कडेच्या रांगेतून निघाली. घाई नाही, फेस नाही. प्रत्येक वेळी श्वासाला तोंड बाहेर येई तेव्हा ओठ किंचित हलताना दिसत. ती मोजत नव्हती.

त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. सवयीने त्याचं बोट बटणावर गेलं. त्याने घड्याळ काढून बुटात ठेवलं.

खूप वेळाने ती कडेला आली, कोपर टेकवून थांबली, चष्मा कपाळावर सरकवला. धाप लागली होती. चेहरा लाल झाला होता. तो बाटली घेऊन उठला, झाकण उघडलं आणि तिच्याजवळ वाकला.

तिने बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तहान लागली की सांगेन,” ती म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला.

ती वळली आणि पुन्हा पाण्याला लागली. झाकण बंद करून तो काठावरच उकिडवा बसून राहिला, बाटली दोन्ही हातांत धरून.